निर्देशक टिप्पणी

निर्देशक टिप्पणी म्हणजे सोर्स कोडमध्ये टिप्पणीच्या रूपाने लिहिलेली, परंतु माणसाबरोबरच एखाद्या साधनानेही वाचावी या हेतूने घातलेली सूचना होय. प्रोग्रॅमिंगच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत टिप्पणीची, म्हणजेच कॉमेंटची, सोय असते. टिप्पणी ही कोड वाचणाऱ्या माणसासाठी असते आणि कंपायलर ती वगळून पुढे जातो, असे विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात शिकवले जाते. हे विधान ढोबळमानाने खरे असले तरी पूर्ण खरे नाही. फाइल कोणत्या अक्षर-संकेतनात लिहिली आहे, ती कोणत्या इंटरप्रिटरने चालवावी, कोणता इशारा दाबून ठेवावा, कामाला किती वेळ आणि किती प्रोसेसर द्यावेत, असे अनेक पर्याय आज टिप्पण्यांमधूनच वाचले जातात.

नाटकाच्या संहितेतील रंगसूचनांशी याची तुलना करता येईल. कंसातील रंगसूचना कोणतेही पात्र मोठ्याने म्हणत नाही. तरीही नट तिच्याप्रमाणे उठतो, बसतो, रंगमंचावरून जातो. निर्देशक टिप्पणीही प्रोग्रॅमच्या 'संवादाचा' भाग नसते, पण प्रयोग कसा होईल हे बऱ्याचदा तीच ठरवते.

या लेखातील उदाहरणे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. देवनागरीत लिहिलेला निर्देश ही साधने ओळखत नाहीत आणि तो साधी टिप्पणी म्हणूनच राहतो.

नावे आणि स्वरूप

या प्रकाराला सर्वमान्य असे एक नाव नाही. रुबी भाषेत व वेबपॅक या साधनात 'मॅजिक कॉमेंट', व्हिम संपादकात 'मोडलाइन', गो व पास्कल यांत 'डायरेक्टिव्ह', ओरॅकल डेटाबेसमध्ये 'हिंट', तर डॉकरमध्ये 'पार्सर डायरेक्टिव्ह' असे शब्द रूढ आहेत. नावे निराळी असली तरी घडण सारखीच असते. टिप्पणी सुरू करणाऱ्या चिन्हाला लागून एखादी खूण येते, खुणेनंतर पर्यायाचे नाव आणि त्यानंतर त्याचे मूल्य. डॉलर, उद्गारचिन्ह, अधिक, ॲट आणि विसर्ग-सदृश कोलन ही चिन्हे खुणेसाठी अधिक वापरली जातात. खूण निवडताना एकच पथ्य पाळावे लागते: माणूस सहज लिहील अशा टिप्पणीत ती चुकूनही येता कामा नये.

इतिहास

ही कल्पना जुनी आहे. निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेचे, कॅथलीन येन्सन व विर्थ यांनी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. कंपायलरचे पर्याय टिप्पणीत कसे लिहावेत हे त्यात सांगितलेले आहे. टिप्पणीचे पहिले अक्षर डॉलरचिन्ह असेल तर पुढचा मजकूर हा कंपायलरसाठीचा पर्याय समजला जाई. १९८३ मध्ये आलेल्या टर्बो पास्कलने हीच रीत पुढे चालवली. महिरपी कंस, लगेच डॉलर, मग 'आर' आणि अधिकचिन्ह असे लिहिले की ॲरेच्या मर्यादेबाहेर गेलेला निर्देशांक प्रोग्रॅम चालताना पकडला जाई. मात्र कंस आणि डॉलर यांच्यामध्ये एक रिकामी जागा सोडली की तीच ओळ निव्वळ टिप्पणी होई आणि तपासणी बंद राही. कंपायलर त्याबद्दल काहीही बोलत नसे. एका मोकळ्या जागेने अर्थ बदलण्याचा हा दोष पुढच्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीत उतरला आहे.

बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी 'लिंट' हे तपासणी साधन तयार केले. कंपायलर स्वीकारतो पण बहुधा चुकीचा असतो असा कोड हुडकून दाखवणे हे त्याचे काम. साधन जितके काटेकोर, तितके खोटे इशारेही अधिक. म्हणून 'नॉट-रीच्ड' म्हणजे येथे प्रोग्रॅम पोहोचत नाही, 'आर्ग्ज-यूज्ड' म्हणजे फंक्शनचे न वापरलेले आर्ग्युमेंट मुद्दाम ठेवले आहे, अशा ठरावीक टिप्पण्या लिहून लिंटला गप्प करण्याची सोय देण्यात आली. आजच्या सर्व तपासणी साधनांतील 'हा इशारा दुर्लक्षित करा' या प्रकारच्या टिप्पण्यांचे मूळ येथे आहे.

पहिली ओळ

युनिक्स-सदृश प्रणालींवर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह लिहून त्यापुढे इंटरप्रिटरचा मार्ग देतात. या जोडचिन्हाला 'शीबँग' म्हणतात. ही सोय डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या कर्नेलमध्ये आणली. फाइल चालवण्याची विनंती आली की कर्नेल तिचे पहिले दोन बाइट पाहतो. ते हॅश व उद्गारचिन्ह असतील तर उरलेल्या ओळीतून इंटरप्रिटरचे नाव घेतो आणि त्या इंटरप्रिटरच्या हाती फाइल देतो. शेल, पर्ल, पायथन, रुबी या भाषांत हॅशने टिप्पणी सुरू होत असल्यामुळे इंटरप्रिटर तीच ओळ वगळतो. अशा रीतीने एकच ओळ कर्नेलसाठी आज्ञा आणि भाषेसाठी टिप्पणी ठरते.

येथे कर्नेलला भाषेचे व्याकरण ठाऊक नसते; तो केवळ बाइट मोजतो, आणि अडचणी त्यातूनच येतात. लिनक्समध्ये ही ओळ दीर्घकाळ १२७ अक्षरांपर्यंतच वाचली जात असे. २०१९ च्या ५.१ आवृत्तीपासून ती मर्यादा २५५ झाली. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी 'कॅरिज रिटर्न' हे अदृश्य अक्षर असते. लिनक्सचा कर्नेल ते इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजतो आणि असा इंटरप्रिटर सापडत नाही असे सांगतो. समोर पायथनचा मार्ग अगदी बरोबर दिसत असताना 'सापडत नाही' हा संदेश का येतो, या कोड्यात नवशिक्या विद्यार्थ्यांचे तासचे तास जातात. काही संपादक यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी तीन बाइटांची खूण घालतात. ती खूण डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिच्यामुळे हॅश पहिल्या स्थानावरून ढळतो आणि कर्नेलच्या दृष्टीने शीबँग उरतच नाही.

अक्षर-संकेतनाची घोषणा

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत जवळचा भाग हा आहे. संगणकाच्या फाइलमध्ये अक्षरे नसतात, बाइट असतात; कोणते बाइट म्हणजे कोणते अक्षर हे संकेतन ठरवते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून हा शब्द पंधरा बाइटांचा होतो. हेच बाइट एखाद्या साधनाने पश्चिम युरोपीय भाषांच्या लॅटिन-१ संकेतनाने वाचले, तर एकट्या 'म'च्या जागी तीन असंबद्ध चिन्हे उमटतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाची सर्वसाधारण खूण आणि वर्तुळातील 'आर'. मजकूर बिघडलेला नसतो. वाचणाऱ्याने चुकीची किल्ली वापरलेली असते.

पायथन २ मध्ये सोर्स कोड आस्की संकेतनात आहे असे गृहीत धरले जाई. आस्कीत देवनागरीला स्थान नाही. मार्क-आन्द्रे लेमबुर्ग आणि मार्टिन फॉन ल्योविस यांनी २००१ मध्ये मांडलेल्या 'पेप २६३' या प्रस्तावाने यावर उपाय दिला आणि तो पायथन २.३ मध्ये आला. फाइलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीतील टिप्पणीत 'कोडिंग', त्यापुढे कोलन वा बरोबरचिन्ह आणि मग संकेतनाचे नाव लिहावे, अशी ही योजना आहे. पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, अशी घोषणा नसलेल्या फाइलमध्ये आस्कीबाहेरचे एकही अक्षर आढळले तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच व्याकरणदोषाचा संदेश येऊ लागला. ते अक्षर टिप्पणीत असले तरी नियम तोच. मराठीत एखादी टीप लिहिणाऱ्यालाही ही निर्देशक टिप्पणी लिहिल्यावाचून गत्यंतर नव्हते.

या योजनेत एक तार्किक पेच आहे. फाइलचे संकेतन कळण्यासाठी टिप्पणी वाचावी लागते. पण टिप्पणी वाचण्यासाठी संकेतन आधी कळायला हवे. पेच सुटतो तो एका व्यावहारिक गोष्टीमुळे: पायथनला चालणाऱ्या सर्व संकेतनांत रोमन अक्षरे व साधी चिन्हे आस्कीप्रमाणेच बाइटांत लिहिली जातात. त्यामुळे पहिल्या दोन ओळी तात्पुरत्या कच्च्या बाइटांप्रमाणे चाळता येतात, संकेतनाचे नाव हाती लागते आणि मग संपूर्ण फाइल नव्याने त्या संकेतनात वाचली जाते. दोनच ओळींची मर्यादा घालण्याचे कारणही स्पष्ट आहे. पहिली ओळ शीबँगने अडवलेली असू शकते, म्हणून दुसरीची मुभा दिली. त्याहून अधिक ओळी चाळल्या तर एखादे साधे वाक्य घोषणा समजले जाण्याचा धोका वाढतो.

तो धोका दोन ओळींतही पूर्णपणे टळलेला नाही. पायथन टिप्पणीत 'कोडिंग' हे अक्षरगट कोठेही आले तरी स्वीकारतो. हे मुद्दाम केले आहे, कारण ईमॅक्सची 'कोडिंग' आणि व्हिमची 'फाइल-एन्कोडिंग' या दोन्ही जुन्या रीती एकाच नियमात बसाव्यात अशी इच्छा होती. परिणामी पहिल्या ओळीत कोणी 'डिकोडिंग: टेबल्स' अशी निरागस टीप लिहिली, तर पायथन 'टेबल्स' नावाचे संकेतन शोधू लागतो आणि ते अस्तित्वात नाही म्हणून फाइलच नाकारतो.

डिसेंबर २००८ मधील पायथन ३.० पासून यूटीएफ-८ हेच गृहीत संकेतन झाले आणि देवनागरी मजकुरासाठी घोषणेची गरज संपली. रुबी भाषेतही असेच घडले. तेथे २०१३ च्या २.० आवृत्तीपासून यूटीएफ-८ गृहीत धरतात. जुन्या सवयीने ही ओळ अजूनही असंख्य फाइलींच्या माथ्यावर आढळते. ती निरुपयोगी आहे, निरुपद्रवीही आहे. देव्हाऱ्यातली जुनी तसबीर काढायला कोणी धजावत नाही, तसेच काहीसे तिचे झाले आहे.

संपादकांसाठीच्या ओळी

ईमॅक्स संपादक फाइलच्या पहिल्या ओळीत वजाचिन्ह, तारा, वजाचिन्ह अशा दोन खुणांच्या मधला मजकूर वाचतो. पहिली ओळ शीबँग असेल तर दुसरी पाहतो. शिवाय फाइलच्या अखेरच्या ३,००० अक्षरांत 'लोकल व्हेरिएबल्स' या शीर्षकाची यादी असेल तर तीही पाळतो. व्हिम संपादक सामान्यतः पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच ओळी तपासतो. टॅबची रुंदी किती, ओळ किती अंतरावर मोडावी, भाषा कोणती मानावी, असे पर्याय त्यांत लिहिता येतात. व्हिममध्ये 'ईएक्स' या खुणेपूर्वी मोकळी जागा असलीच पाहिजे असा नियम आहे. नाहीतर 'लेक्स' यासारख्या साध्या शब्दातला शेवटचा भागही निर्देश समजला गेला असता.

तपासणी साधने आणि माणसाची भाषा

जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये 'जेएसलिंट' आणि निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये 'ईएसलिंट' ही साधने आणली. दोन्हींत विशिष्ट नियम संपूर्ण फाइलपुरता, ठरावीक पट्ट्यापुरता किंवा एका ओळीपुरता बदलण्याची सोय टिप्पणीतून मिळते. अशा सोयीचा अतिरेक सहज होतो. इशारा आला, कारण समजले नाही, म्हणून 'दुर्लक्ष करा' असे लिहून मोकळे होणे ही सवय अनुभवी माणसांतही दिसते. पुढे मूळ दोष दुरुस्त झाला तरी ती टिप्पणी तशीच राहते आणि त्याच ओळीत नवा दोष आला तर त्यालाही पांघरूण घालते. टाइपस्क्रिप्टने २०१७ मध्ये २.६ आवृत्तीत 'टीएस-इग्नोर' दिले आणि २०२० मध्ये ३.९ आवृत्तीत 'टीएस-एक्स्पेक्ट-एरर' दिले. दुसऱ्या निर्देशाचा विशेष असा की खाली दोष नसेल तर तो निर्देश स्वतःच दोष ठरतो. दबवण्याची गरज संपल्याचे त्यामुळे कळते.

जीसीसी कंपायलरचे उदाहरण याहून वेगळे आहे. सी भाषेत 'स्विच'मधील एका पर्यायाच्या शेवटी 'ब्रेक' लिहायचे राहिले तर प्रोग्रॅम पुढच्या पर्यायात घरंगळतो. कधी हे हेतुपुरस्सर असते, बहुतेकदा चूक असते. २०१७ मधील सातव्या आवृत्तीपासून जीसीसी याबद्दल इशारा देऊ शकतो. परंतु त्या जागी 'फॉल थ्रू' अशा अर्थाची टिप्पणी असेल तर गप्प राहतो. लिंटच्या काळापासून प्रोग्रॅमर अशी टीप एकमेकांसाठी लिहीत आले होते. जीसीसीने तिच्या निरनिराळ्या इंग्रजी रूपांची यादी करून ती ओळखण्याचे नियम बसवले. इशाऱ्याच्या ० ते ५ अशा पातळ्या असून नेहमीची पातळी ३ आहे. कोणी 'येथून मुद्दाम खाली जाऊ दिले आहे' अशी स्वच्छ मराठी टीप लिहिली, तर पातळी ३ वर ती ओळखली जात नाही आणि इशारा येतोच. कोणत्याही भाषेतली कोणतीही टिप्पणी चालते ती केवळ पातळी १ वर. माणसाने माणसासाठी लिहिलेले वाक्य यंत्र वाचू लागले की त्या वाक्याचे शब्दस्वातंत्र्य कसे आकसते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या पद्धतीची आणखीही एक अडचण होती. प्रीप्रोसेसरच्या टप्प्यात टिप्पण्या गळून पडतात; कोड आधी प्रीप्रोसेस करून नंतर स्वतंत्रपणे कंपाइल केला तर टीप नाहीशी होते आणि इशारे परत येतात. क्लँग हा दुसरा प्रमुख कंपायलर तर अशी टिप्पणी मुळीच मानत नाही. लिनक्स कर्नेलच्या विकासकांनी अखेर २०२० मध्ये या टिप्पण्या मोठ्या प्रमाणावर काढून त्यांच्या जागी कंपायलरला थेट कळणारा 'फॉलथ्रू' हा शब्द घातला.

गणनकार्यातील उपयोग

फोरट्रान भाषेसाठी ओपनएमपी या समांतर गणनाच्या मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९७ मध्ये आली. तिच्यात उद्गारचिन्ह, डॉलर आणि 'ओएमपी' अशी खूण असलेल्या ओळी लूपच्या आधी लिहितात. उद्गारचिन्हाने फोरट्रानमध्ये टिप्पणी सुरू होते, म्हणून ओपनएमपी न जाणणारा कंपायलर त्या ओळी वगळतो आणि तोच प्रोग्रॅम एका प्रोसेसरवर चालतो. समांतर आणि साधा, असे दोन प्रोग्रॅम सांभाळावे लागत नाहीत हा मोठाच लाभ. जीफोरट्रानला आवश्यक तो पर्याय द्यायचा राहिला तर उत्तर बरोबर येते, वेळ मात्र अनेकपट लागतो. परंतु खुणेतल्या अक्षरांचीच अदलाबदल झाली तर प्रकरण गंभीर होते. एकाच बेरजेत अनेक धागे एकाच वेळी भर घालत असतील आणि त्या ठिकाणचा 'ॲटॉमिक' हा निर्देश खुणेच्या चुकीमुळे टिप्पणी बनून राहिला, तर उत्तर कधी बरोबर येते, कधी चुकते, आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. सी भाषेच्या आवृत्तीत १९९८ मध्ये टिप्पणीऐवजी 'प्रॅग्मा' हा प्रकार घेतला गेला; तेथे अनोळखी नाव आढळल्यास इशारा मागता येतो.

महासंगणकांवर काम रांगेत लावण्यासाठी 'स्लर्म' ही प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणकही तीच वापरतो. शेल-स्क्रिप्टच्या आरंभी हॅशला जोडून 'एसबॅच' लिहितात आणि पुढे किती नोड, किती वेळ, कोणती रांग हे सांगतात. शेलच्या दृष्टीने या साऱ्या टिप्पण्याच होत. येथील नियम असा की पहिली खरी आज्ञा आली की स्लर्म निर्देश वाचणे थांबवतो. एखाद्याने आधी मोड्यूल लोड करण्याची आज्ञा लिहून तिच्याखाली वेळेचा निर्देश लिहिला, तर तो निर्देश निमूटपणे दुर्लक्षित होतो, काम रांगेच्या सामान्य वेळमर्यादेत चालते आणि मर्यादा संपताच अर्ध्यावर तोडले जाते. संशोधक विद्यार्थ्याची कित्येक दिवसांची प्रतीक्षा अशा एका ओळीच्या जागेमुळे वाया जाऊ शकते.

वेब आणि डेटाबेस

वर्डप्रेसमध्ये प्लगिनचे नाव, आवृत्ती, लेखक ही माहिती मुख्य पीएचपी फाइलच्या टिप्पणीतूनच घेतली जाते. फाइलचे पहिले ८ किलोबाइट तेवढे चाळले जातात. त्यात 'प्लगिन नेम' ही ओळ नसेल तर वर्डप्रेसच्या लेखी ते प्लगिन अस्तित्वातच नसते. मायएसक्यूएलमध्ये टिप्पणीच्या आरंभाला लागून उद्गारचिन्ह असेल तर आतला मजकूर आज्ञा म्हणून चालवला जातो, इतर डेटाबेस मात्र ती टिप्पणी समजतात. ओरॅकलमध्ये अधिकचिन्हाने सुरू होणारी टिप्पणी ही प्रश्न कोणत्या मार्गाने सोडवावा याची सूचना असते; तिच्यात चूक असल्यास ती मूकपणे सोडून दिली जाते. इंटरनेट एक्सप्लोररच्या आवृत्ती ५ ते ९ एचटीएमएलच्या टिप्पणीतील अटी वाचत असत. दहाव्या आवृत्तीने ती सोय काढून टाकली.

जावास्क्रिप्टचा कोड लहान करणारी साधने टिप्पण्या काढून टाकतात, म्हणून काही खुणा त्यांना जपाव्या लागतात. त्यांतील 'प्युअर' ही खूण जपून वापरण्यासारखी आहे. या फंक्शनचा बाह्य परिणाम काही नाही, निकाल वापरला नसेल तर हाक खुशाल काढून टाका, असा तिचा अर्थ. चुकीच्या जागी ती लावली तर आवश्यक कोड अंतिम फाइलमधून अदृश्य होतो.

वाचनाची पद्धत

सामान्य कंपायलरचा पहिला टप्पा मजकुराचे शब्दखंड पाडतो आणि टिप्पण्या तेथेच टाकून देतो. निर्देश वाचायचे असतील तर तीन मार्ग उरतात. पहिला, भाषेचा विचार न करता आरंभीचे बाइट पाहणे. कर्नेल आणि पायथनचे संकेतन-वाचन याच प्रकारचे. दुसरा, ओळीओळीने ठरावीक खूण शोधणे. हा सोपा व वेगवान आहे, परंतु टिप्पणी आणि अवतरणातला मजकूर यांत त्याला भेद करता येत नाही. छापण्यासाठी लिहिलेल्या वाक्यात खूण आली तरी तो फसतो. तिसरा मार्ग म्हणजे शब्दखंड पाडताना टिप्पण्या त्यांच्या स्थानासह जतन करणे. खर्चिक असला तरी विश्वासार्ह मार्ग हाच.

टिप्पणी सापडल्यावर ती कशाला लागू आहे हे ठरवायचे राहते: त्याच ओळीला, पुढच्या ओळीला, की पूर्ण फाइलला? कोड नीटनेटका मांडणारे साधन लांब ओळ मोडून तिच्या दोन-तीन ओळी करते, तेव्हा ओळीच्या शेवटी लिहिलेला निर्देश आपल्या लक्ष्यापासून दूर जाऊन पडतो. प्राधान्यक्रमालाही एकच नियम नाही. ईएसलिंटमध्ये टिप्पणी ही प्रकल्पाच्या संरचना-फाइलवर मात करते, तर स्लर्ममध्ये आज्ञा देताना टाइप केलेला पर्याय टिप्पणीवर मात करतो.

गो भाषेने याबाबत कडक शिस्त ठेवली आहे. दोन तिरक्या रेघांनंतर मोकळी जागा न सोडता 'गो', कोलन आणि निर्देशाचे नाव लिहावे लागते. जागा सोडली की ती माणसांसाठीची टिप्पणी. कोणत्या प्रणालीसाठी फाइल कंपाइल करावी हे सांगणारा 'गो-बिल्ड' हा निर्देश या रूपात २०२१ मध्ये १.१७ आवृत्तीत आला. त्याआधीच्या रूपात निर्देशानंतर एक रिकामी ओळ सक्तीची होती आणि ती राहिली तर निर्देश दस्तऐवजाचा भाग समजला जाई. डॉकरमध्येही निर्देश अगदी आरंभीच हवेत; एक साधी टिप्पणी मध्ये आली की पुढचे निर्देश टिप्पण्याच राहतात.

सुरक्षा

टिप्पणी निरुपद्रवी असते या समजुतीवर विसंबून परक्या फाइली उघडल्या जातात. २०१९ मध्ये व्हिममध्ये एक गंभीर दोष उघडकीस आला आणि त्याला सीव्हीई-२०१९-१२७३५ हा क्रमांक मिळाला. मोडलाइनमधून येणाऱ्या आज्ञांवर जी बंधने होती त्यांना वळसा घालून, केवळ फाइल उघडताच, वाचणाऱ्याच्या संगणकावर कोणतीही आज्ञा चालवता येत होती. टर्मिनलच्या नियंत्रण-चिन्हांचा वापर करून ती ओळ फाइल पडद्यावर छापताना दिसणारही नाही, अशी युक्ती त्याच वेळी दाखवून दिली गेली. व्हिम ८.१.१३६५ व निओव्हिम ०.३.६ मध्ये दोष दुरुस्त झाला. डेबियन वितरणात मोडलाइन मुळातच बंद ठेवलेली असते. ईमॅक्स धोकादायक वाटणारा पर्याय आढळल्यास वापरकर्त्याला विचारतो. मात्र न वाचता 'हो' म्हणणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

गो भाषेतील 'सीगो' सोयीत सी कंपायलरचे पर्याय टिप्पणीतून देता येतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये असे आढळले की दुष्ट हेतूच्या पॅकेजने या टिप्पणीत कंपायलरला परका प्लगिन लोड करण्याचा पर्याय दिला, तर पॅकेज नुसते डाउनलोड करून बांधतानाच परकी आज्ञा चालू शकते. सीव्हीई-२०१८-६५७४ या क्रमांकाच्या त्या दोषावर १.८.७ आणि १.९.४ आवृत्त्यांत उपाय झाला. तेव्हापासून टिप्पणीत केवळ मान्य यादीतलेच पर्याय चालतात.

टिप्पणीकडून व्याकरणाकडे

टिप्पणीत रूढ झालेली सोय कालांतराने भाषेच्या व्याकरणात सामावली जाणे, असे अनेकदा घडले आहे. जावामध्ये 'एक्सडॉकलेट' हे साधन दस्तऐवजी टिप्पण्यांतील खुणा वाचून संरचना-फाइली तयार करी. २००४ च्या जावा ५ मध्ये 'ॲनोटेशन' आल्यावर त्याची गरज ओसरली. पायथनमध्ये २०१५ पासून व्हेरिएबलचे प्रकार टिप्पणीत लिहिले जात. २०१६ च्या ३.६ आवृत्तीने त्यांना थेट कोडमध्ये जागा दिली. पीएचपीत 'डॉक्ट्रिन'सारख्या प्रणाली टिप्पण्यांतून माहिती वाचत, आणि सर्व्हरवर टिप्पण्या न साठवण्याचा पर्याय निवडला असेल तर त्या कोलमडत. नोव्हेंबर २०२० मधील पीएचपी ८ मध्ये 'ॲट्रिब्यूट' आले. त्यांच्यासाठी निवडलेले चिन्ह हॅश आणि चौकटी कंस असे आहे. पीएचपीत हॅशने टिप्पणी सुरू होते. त्यामुळे एका ओळीत बसणारे ॲट्रिब्यूट पीएचपी ७ ला आजही टिप्पणीच वाटते.

प्रवाह उलट्या दिशेनेही वाहतो. एकाच फाइलच्या पायथन स्क्रिप्टला कोणती पॅकेजे लागतात हे तिच्यासोबतच प्रवास करावे, या गरजेतून २०२३ मध्ये 'पेप ७२३' मांडला गेला आणि पुढे स्वीकारला गेला. हॅश व तीन तिरक्या रेघा यांनी सुरू होणाऱ्या पट्ट्यात 'टॉमल' स्वरूपात पायथनची किमान आवृत्ती आणि पॅकेजांची यादी लिहायची, अशी ही योजना आहे. स्क्रिप्ट चालवणारी साधने तो पट्टा वाचून आवश्यक पॅकेजे मिळवतात. पायथन स्वतः मात्र त्या ओळी टिप्पण्या म्हणून वगळतो.